अर्ध्या खेळाचे आबाशास्त्री

काशीत देह ठेवलेला जीव पुन्हा येत नाही, हे शास्त्रांनी कायमचं ठरवून टाकलं आहे. आमच्या दुर्गाघाटावर तर त्याबद्दल शंका घेणाऱ्याला कोणी जेवायलाही बोलावत नसे. या नियमाला मला एकच अपवाद ठाऊक आहे. तो चौकापलीकडच्या पत्र्याच्या थिएटरात, दुपारच्या खेळाला, तिसऱ्या बाकावरून स्पष्ट दिसत असे.

त्या तिसऱ्या बाकावर आबाशास्त्री बसत. ते आमच्या गल्लीत अगदी समोरच्या घरात राहायचे. काम श्राद्ध सांगण्याचं. देशावरून काशीयात्रेला आलेली माणसं त्यांच्याकडे उतरत, आपल्या आईबापांची नावं आणि गोत्र सांगत, आणि शास्त्रीबुवा त्यांना बालाजी घाटाच्या पायरीवर बसवून तीन पिढ्यांना पाणी द्यायला लावत. उंच, जरासे पुढे वाकलेले, बारा महिने खांद्यावर एकच उपरणं. आवाज असा, की लांबून नुसता कानावर पडला तरी कोणाचा तरी बाप गेला आहे हे कळावं. त्या आवाजात ते भाजीचा भावही विचारत, आणि भाजीवाली गंभीर होई.

त्यांना भांगेचा नाद नव्हता, गाण्याचा नव्हता. काशीत एवढ्यावरही माणूस विक्षिप्त ठरतो. नाद होता तो सिनेमाचा. मी शाळेत इतिहास शिकवत असे. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे दुपार मोकळी, आणि त्या दुपारी शास्त्रीबुवा खालून हाक मारत, "मास्तर, येताय का? आज कोण कोण मरतंय पाहू."

चित्रं तेव्हा मुकी होती. लोक त्यांची वर्गवारी पौराणिक, सामाजिक, मारामारीची अशी करत. शास्त्रीबुवांची वर्गवारी सुतकावर होती. पौराणिक चित्रात मरणारे एक तर देव असतात किंवा राक्षस, दोघांचंही आपल्याला सुतक नाही, तेव्हा घरी येऊन नुसते पाय धुवावेत. मारामारीच्या चित्रात मरणाऱ्यांचं गोत्र कळत नाही, म्हणून खबरदारी म्हणून स्नान. सामाजिक चित्रांबद्दल मात्र त्यांचं मत वाईट होतं. नायिकेचा बाप मरतो आणि पुढच्याच प्रसंगात ती बागेत झोपाळ्यावर बसलेली असते. "दहा दिवस गेले की नाहीत, ते कुठे लिहीत नाहीत," ते म्हणत. "मग आम्ही रडायचं कसं?" त्यांना मनापासून आवडे ते विलायती विनोदी चित्र. त्यातला माणूस शिडीवरून पडे, गाडीखाली जाई, भिंत अंगावर घेई, आणि उठून टोपी झटके. शास्त्रीबुवा यावर हसत नसत. समाधानाने मान हलवत. श्राद्ध सांगणाऱ्या माणसाला, पडलेला उठतो हे दृश्य किती दुर्मिळ असतं हे मला पुष्कळ नंतर कळलं.

खेळाच्या आधी विलायतेच्या बादशहाच्या मिरवणुकीचं एक जुनं रीळ दाखवत. ते चालू असताना सगळ्यांनी उभं राहायचं असा दंडक होता आणि त्यासाठी दाराशी एक शिपाई असे. एकदा त्याने शास्त्रीबुवांना उठायला सांगितलं. यांनी त्याला शांतपणे विचारलं, "भैया, ये जीवित हैं कि गए?" शिपायाने बाजूच्याला विचारलं, त्याने मला. ते बादशहा वारून बरीच वर्षं झाली होती, गादीवर दुसरे होते, पण रीळ बदललं नव्हतं. मी तसं सांगितलं. "मग यांच्यासाठी उभं नाही राहत," शास्त्रीबुवा म्हणाले. "बसून पाणी देतात." शिपाई परत दाराशी जाऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांचं श्राद्ध शास्त्रीबुवांनीच सांगितलं असावं.

हे सगळं ठीक होतं. विचित्र गोष्ट एकच होती. थिएटरच्या मालकाने एक पौराणिक चित्र विकत घेऊन ठेवलं होतं, एका शापित राजाच्या वनवासाचं. दुसरं काही हाताशी नसलं की तो ते लावी, आणि सणावाराला तर हमखास. शास्त्रीबुवा या चित्राला कधीही चुकले नाहीत. आणि ते त्यांनी कधीही पुरं पाहिलं नाही. चौथ्या रिळात राजा राज्य सोडून घाटाच्या पायऱ्यांवर येऊन रडतो, तेवढं झालं की हे उपरणं सावरून उठत, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर पडत आणि चालू लागत. राजाला राज्य परत मिळतं की नाही याची त्यांना काळजीच नव्हती. गल्लीत त्यावरून त्यांची थट्टा होई. एकदा मी विचारलंही, मध्येच का उठता म्हणून.

"घरून बोलावणं येतं," ते म्हणाले.

घरी तेव्हा कोणी नव्हतं. मूलबाळ झालं नव्हतं, आणि काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मी ते उत्तर विनोद म्हणून घेतलं आणि चारचौघांत सांगितलंही. त्याची मला आजही लाज वाटते.

मी स्वतः ते चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उलगडा झाला. राजा पायऱ्यांवर उभा राहून छाती पिटत होता. पायऱ्या बालाजी घाटाच्या होत्या, ते कोणालाही ओळखू आलं असतं. तेवढ्यात खालून, पाण्याच्या बाजूने, एक ठेंगणी बाई वर आली. ओलं नऊवारी, डाव्या कमरेवर भरलेली कळशी. ती राजा आणि कॅमेरा यांच्या मधून, राजाकडे न बघता, अकरा पायऱ्या चढली. मग थांबली, मान वळवून सरळ आमच्याकडे पाहिलं, काहीतरी बोलली आणि चित्राबाहेर निघून गेली. त्या काकू होत्या. बाकावरची माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती.

पुढची हकिकत शास्त्रीबुवांनीच एकदा घाटावर बसून सांगितली. ती कंपनी देशावरून आली होती. वनवासातल्या राजाने पितरांना पाणी कसं द्यावं हे कोणीतरी दाखवायला हवं होतं, म्हणून त्यांनी शास्त्रीबुवांना बोलावलं. आयुष्यभर कारकून, सावकार आणि विधवा यांच्या पितरांना पाणी दिलेल्या माणसाला राजाबद्दल विचारण्यात आलं होतं. ते सकाळपासून कॅमेऱ्याच्या पेटीला खेटून उभे होते. राजाचा अंगठा चुकला की "राजे, तर्जनीकडून, तर्जनीकडून" असं ओरडत होते. फेल्ट टोपीवाले दिग्दर्शक त्यांना आचार्य म्हणत होते.

काकूंना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता. त्यांचा स्वयंपाक झाला होता. नैवेद्याला तेवढं गंगेचं पाणी हवं होतं, ते आणायला त्या घाटावर उतरल्या. वर येताना दिग्दर्शकांनी हात हलवून त्यांना थांबायला सांगितलं. पण काकू कुणाच्या हात हलवण्याने थांबणाऱ्यांतल्या नव्हत्या. राजासमोरून चालत आल्या, कॅमेऱ्याच्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घरी चला. भात गार होतोय."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी हाताने खूण केली, येतो म्हणून." शास्त्रीबुवांनी पाण्याकडे पाहत ती खूण करून दाखवली. "पायऱ्यांवरचं ऊन गेल्यावर गेलो. ती जेवायची थांबली होती. संध्याकाळी दोघांनी गार भात खाल्ला. ती एक अक्षर बोलली नाही, मास्तर. ती बोलली असती तर बरं झालं असतं."

त्यानंतरच्या माघात काकू तापाने गेल्या. चित्र काशीत आलं ते त्याच्याही पुढच्या पावसाळ्यात. फिल्म महाग म्हणून कंपनीने तो तुकडा टाकून न देता तसाच राहू दिला होता. शास्त्रीबुवा आपला राजा बघायला गेले, आणि पडद्यावरून बायकोने त्यांना घरी बोलावलं. या वेळी ते लगेच उठले.

थिएटरात मुक्या चित्राचा अर्थ सांगायला एक माणूस काठी घेऊन पडद्याशी उभा असे. त्याला आणि बाकीच्या प्रेक्षकांना ही बाई कोण हे कळायला मार्ग नव्हता. राजा रडतो आहे, पाण्यातून एक स्त्री कळशी घेऊन वर येते, राजाला दिसतही नाही, आपल्याकडे बघून बोलते आणि नाहीशी होते. म्हणजे ही गंगामाता, हे त्याने ठरवून टाकलं. तो काठी वर करून गर्जत असे, "माता स्वयं प्रकट हुई हैं! कह रही हैं, हे राजन्, धीरज धरो!" लोक हात जोडत. पुढच्या रांगेतल्या बायका फुलं टाकत. काकूंच्या चेहऱ्यावर तेव्हा जो भाव होता तो मला चांगला परिचयाचा होता. तो उशिरा जेवायला येणाऱ्या माणसासाठी राखून ठेवलेला असे. त्या भावाला अख्खं थिएटर नमस्कार करत होतं. शास्त्रीबुवांनी ही चूक कधी दुरुस्त केली नाही. मी सुचवलं तेव्हा म्हणाले, "पाया पडताहेत तर पडू द्या. मी कधी पडलो नाही."

गल्लीला मात्र सत्य कळलं, आणि मग शास्त्रार्थ होणं भाग होतं. बाराव्या दिवशी पितरांत मिळवलेली स्त्री पुन्हा चालताना बोलताना दिसते. तिच्याकडे नवऱ्याने बघावं का? बघितलं तर तिची गती अडते का? घाटावरचे सगळ्यांत मोठे शास्त्री अध्यक्ष झाले. शाली आल्या, लोड आले, एका विद्वानाने विषयाला हात घालण्यापूर्वी तासभर मंगलाचरण केलं. दुपार कलल्यावर निर्णय लागला: चित्र ही छाया आहे, छायेला दोष नाही, मात्र दाम मोजून छाया बघण्यात दोष आहे. शास्त्रीबुवा कोपऱ्यातून म्हणाले की यंत्र फिरवणारा मुन्नन आपल्याला फुकटच सोडतो. सभेपुढे दुसरा मुद्दा उरला नाही. पुढच्या शनिवारी मला सभेतले चार विद्वान थिएटरात भेटले. प्रत्यक्ष प्रमाण पाहायला आलो, असं त्यांनी सांगितलं.

शास्त्रीबुवांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. मुन्ननने चौथं रीळ उलट्या बाजूने चढवलं होतं. त्यामुळे सगळं चित्र आरशातल्यासारखं झालं. उजवं ते डावं, आणि दरबारातल्या प्रत्येकाचं जानवं उजव्या खांद्यावर, म्हणजे अपसव्य. जानवं तसं फक्त पितरांच्या कामाला घेतात. शास्त्रीबुवा आधी गमतीत म्हणाले, "पाहा मास्तर, सगळी राजसभा श्राद्धाला बसली आहे." मग पायऱ्या आल्या, आणि काकू दुसऱ्याच बाजूने, उजव्या कमरेवर कळशी घेऊन वर आल्या. शास्त्रीबुवांचा हात माझ्या मनगटावर पडला. काकूंनी पाहिलं तेही आमच्याकडे नव्हतं. नजर बाजूला, भिंतीकडे जात होती, जणू तिथे दुसरं कोणी उभं होतं. ते उठले, पण घरी गेले नाहीत. यंत्राच्या खोलीच्या पायऱ्या चढून गेले आणि मुन्ननला म्हणाले, "वो दाहिनी कमर पर कळशी नहीं लेती." मुन्नन घाबरला. त्याने ते रीळ सोडून पुन्हा सुलटं लावलं. प्रेक्षकांनी राजाला दोनदा राज्य सोडताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून मुन्ननला सगळं माहीत झालं. तो चांगला माणूस होता, आणि म्हणूनच एके दिवशी त्याने शास्त्रीबुवांना खरं सांगितलं. फिल्म जुनी झाली होती. यंत्रात ती तुटे, तुटली की फाटकी टोकं कापून जोडावी लागे, आणि प्रत्येक जोडाला थोडी फिल्म जाई. "पंडितजी, जोड़ते हैं तो कटती है," तो म्हणाला. "हमारे हाथ में नहीं है."

शास्त्रीबुवांनी मोजलंच होतं. पहिल्या वर्षी अकरा पायऱ्या होत्या. मग नऊ झाल्या. एका दिवाळीत सहा. काकू पाण्यातून वर येत त्या आता घाटाच्या मध्यावरच उगवू लागल्या. पुढे चालणं गेलं, नुसतं थांबणं आणि बघणं उरलं. तेवढं पुरे होतं, असं ते म्हणत. श्राद्धात तरी काय, तीन पिढ्यांमागची माणसं नावालाच उरतात आणि त्यामागची नावालाही नाही. हे ते यजमानाला सांगायच्या सुरात बोलत, पण खेळाला निघताना आता त्यांची पावलं जड पडत. ओठ हलतात ते शाबूत आहेत ना, एवढंच ते मला वाटेत विचारत, जणू मी ते आधी बघून आलो होतो.

मग बोलपट आले. काशीत त्यांच्यासाठी नवं थिएटर बांधलं गेलं आणि मी शास्त्रीबुवांना आग्रहाने घेऊन गेलो. ते मध्येच उठले नाहीत. चौक ओलांडल्यावर म्हणाले, "सगळे हिंदी बोलतात हो."

"मग काय बोलणार?"

"मुके होते तोवर मराठी बोलत होते," शास्त्रीबुवा म्हणाले.

पत्र्याच्या थिएटरचे दिवस भरत आले. काठीवाला माणूस आधीच काम सोडून गेला होता. भाद्रपदातल्या एका शनिवारी मुन्ननचा निरोप आला की मालक यंत्र बदलतो आहे, राजाचं चित्र शेवटचं लागतं आहे. पितृपंधरवडा तोंडावर होता, यजमानांची रीघ लागली होती, तरी आम्ही गेलो. थिएटरात पंधरावीस माणसं होती. पत्र्यावर कावळे चालत होते आणि अर्थ सांगायला कोणी नसल्यामुळे ते ऐकू येत होते.

चौथं रीळ लागलं. राजा पायऱ्यांवर आला. छाती पिटू लागला. पडदा एकदा पांढरा झाला, थरथरला, आणि राजा पाण्याच्या काठाशी बसलेला दिसला. पायऱ्या झाल्या होत्या. मधे कोणी आलं नव्हतं.

मी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. त्यांनी उपरणं सावरलं होतं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले होते, उठणारा माणूस टेकतो तसे. ते तसेच राहिले. पाचवं रीळ लागलं, सहावं लागलं. राजाने जंगलात फळं खाल्ली, ऋषी भेटला, शाप उतरला, राज्य परत मिळालं, राणीने ओवाळलं. सात वर्षांत प्रथमच त्यांनी तो शेवट पाहिला. कापड गुंडाळलेली दारं उघडली, दुपारचं ऊन आत आलं, माणसं निघून गेली. ते उठले नाहीत.

"शास्त्रीबुवा, चलायचं ना?"

"आज बोलावणं नाही आलं," ते म्हणाले. मग विचारलं, "मास्तर, आता कधी उठायचं?"

मुन्नन खाली आला आणि बाजूला उभा राहिला. फिल्म सकाळच्या तपासणीत त्याच जागी तुटली होती, त्याला कापावी लागली होती. शास्त्रीबुवांनी कापलेला तुकडा मागितला. मुन्ननने मान खाली घातली. तुकडे टोपलीत जातात, टोपली खेळाआधीच गेली, आणि उद्या सगळी रिळंही तिकडेच जाणार आहेत. तिकडे म्हणजे कुठे, तेही त्याने सांगितलं. मुक्या चित्रांना आता कोणी विचारत नव्हतं. बांगड्या करणारे ती वजनावर नेत, धुऊन काढत, उकळत्या पाण्यात मऊ करत आणि रंगवत. मी शास्त्रीबुवांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. उठवलेला माणूस इतका हलका असू शकतो याची मला कल्पना नव्हती.

पंधरवड्यातली नवमी ही अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी होतं, आणि तिच्या नावाने एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. काकू गेल्यापासून शास्त्रीबुवांकडे ती सवाष्ण म्हणजे माझी बायको असे. त्या वर्षीही ती गेली. पानं मांडलेली होती. शास्त्रीबुवांनी तिला बसवलं, स्वतः वाढलं, भात वाढताना वाफ येते आहे का ते पाहिलं, आणि तिचं जेवण होईपर्यंत समोरून हलले नाहीत. मग ओटीबरोबर कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या दिल्या. दर वर्षी दोन असत. या वर्षी डझनभर होत्या.

"इतक्या कशाला, शास्त्रीबुवा?" बायकोने विचारलं.

"त्यातली ती कुठली, ते बांगडीवाल्याला सांगता येईना," ते म्हणाले. "म्हणून त्या घाण्यात निघालेल्या सगळ्या आणल्या."

मी दारात उभा होतो. निघताना वळून पाहिलं तेव्हा ते तिच्या रिकाम्या पाटासमोर बसून होते, जानवं उजव्या खांद्यावर. ते डाव्या खांद्यावर घ्यायला विसरले होते, किंवा नव्हते. त्यानंतर ते सिनेमाला गेले नाहीत, आणि पुढच्या नवमीला माझ्या बायकोला जेवायला सांगायला कोणी उरलं नव्हतं.

बांगड्या तिने फार दिवस घातल्या नाहीत. त्या फिल्मच्या असतात, आणि चुलीजवळ गेल्या की पेट घेतात.